मिसेस टॉलिव्हर आणि एक अस्पष्ट शब्द

माझं सगळं पोटपाणी उजव्या पायावर चाललं. असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी एक तर कथक शिकवत असणार, नाहीतर शिलाई मशीनवर बसत असणार. दोन्ही नाही. दुबईतल्या एका ट्रान्सक्रिप्शन कंपनीत माझी उमेदीची वर्षं गेली. लोकांनी बोलून रेकॉर्ड केलेलं कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि शब्दन् शब्द टाइप करायचा, हे आमचं काम. हात टाइप करण्यात अडकलेले, म्हणून आवाज थांबवायला आणि मागे न्यायला पायाखाली पेडल. वाक्य निसटलं की पाय दाबायचा, आवाज दोन पावलं मागे जातो. आयुष्यात असं पेडल का नाही, हा विनोद आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस एकदा तरी करतो. माझा करून झाला.

“म्हणजे टायपिस्टच ना?” असं नातेवाइकांनी विचारलं की पूर्वी मी भांडायचे. आता म्हणते, हो, टायपिस्टच. पण टायपिस्टला समोर लिहिलेलं दिसतं, आम्हाला फक्त ऐकू येतं. आणि आमचे बोलणारे एकाहून एक. एक हृदयरोगतज्ज्ञ तोंडात चिवड्यासारखं काहीतरी कुरकुरीत घेऊनच रुग्णांचे अहवाल सांगायचे, त्यामुळे त्यांचा प्रत्येक रुग्ण मला किंचित खारट वाटायचा. एक वकील गाडी चालवत बोलायचे आणि करारातल्या कलमांच्या मधोमध दुसऱ्या ड्रायव्हरांचा उद्धार करायचे. तो गाळायचा हे कळायला वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नव्हती.

या धंद्याचा मुख्य नियम एकच आहे. जे ऐकू आलं ते लिहायचं, जे समजलं ते नाही. आणि जे ऐकू आलं नाही तिथे अंदाज बांधायचा नाही. चौकोनी कंस करून त्यात ‘अस्पष्ट’ लिहायचं. माणूस हसला तर कंसात तसं लिहायचं, गप्प बसला तर कंसात ‘शांतता’. हाताखालच्या मुलींना मी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की माझी पाठ वळली की त्या माझ्या आवाजात ते म्हणून दाखवायच्या. चांगली नक्कल करायच्या.

आमचं ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये होतं आणि घर शारजात, अल नहदाला. मालक होते सामंत सर, मूळचे गिरगावचे. मन मोकळं, पण हात आखडता. माझं पेडल मोडलं तेव्हा नवीन घ्यायला त्यांनी परवानगी दिली ती अशी: “तीनशे दिरम? म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये, नीलिमा! चार हजारात आमच्या आईने सायकल घेतली असती.” त्यांच्या आईंना सायकल येत नव्हती, हे मला नंतर कळलं.

२००८च्या शेवटी मंदी आली तेव्हा तिचा आवाज मी हेडफोनमधून ऐकला. आमची मोठी गिऱ्हाइकं होती बांधकामवाले. त्यांच्या बैठका आम्ही टाइप करायचो. पंधरा लोक एकमेकांच्या वरताण बोलायचे, न बांधलेल्या टॉवरमधून दिसणाऱ्या न खणलेल्या तळ्याची वर्णनं व्हायची. मग एका बैठकीची टेप आली. सुरुवातीला कुणीतरी म्हणालं, “सो.” त्यानंतर कुणी काही बोललंच नाही. खुर्ची सरकली, पेला ठेवल्याचा आवाज आला, एसी घुमत राहिला. मी टाइप केलं, [दीर्घ शांतता]. त्या गिऱ्हाइकाची ती शेवटची टेप. त्यानंतर एकेक करून सगळेच गप्प झाले.

घरीही तेच. सुधीर, माझे यजमान, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात होते. टॉवर थांबले म्हणजे खिडक्या थांबल्या. त्यांना बिनपगारी घरी बसवलं. ते दिवसभर घरातल्या खिडक्या पुसत बसायचे. आमच्या बिल्डिंगमधली कुटुंबं रोज सोफे विकून परत जात होती. लेक ईशा विचारायची, “आई, आर वी नेक्स्ट?” मी म्हणायचे, इन्शाल्ला नाही. तेव्हा तो ‘नेक्स्ट’ शब्द मला नकोसा वाटायचा.

अशात सामंत सर एक काम घेऊन आले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातलं एक छोटं कॉलेज. तिथल्या ग्रंथपाल, हेझल डनिंग, त्यांच्या गावातल्या वृद्ध कृष्णवर्णीय लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करत होत्या. साठच्या दशकात या लोकांनी मतदानाच्या हक्कासाठी लढा दिला होता. कायद्याने हक्क होता, पण मतदारयादीत नाव घालायला गेलं की कचेरीतले गोरे अधिकारी त्यांना काही ना काही कारण काढून परत पाठवायचे. लांबलचक अर्ज, मग राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून त्याचा अर्थ सांगायचा, आणि अर्थ बरोबर की चूक हे ठरवणारा तोच अधिकारी. अशा भरपूर टेप होत्या. काम मोठं होतं, एवढं की नीट केलं तर कंपनी तरणार होती.

“यल्ला, चला लेडीज,” सामंत सर म्हणाले. “हे क्लायंट आपलं ऑक्सिजन सिलिंडर आहे. धक्का लावायचा नाही.”

लेडीज म्हणजे मी आणि लीना. लीना डिसूझा वसईची. मराठी माझ्याहून ठसक्याची, आणि चर्चमध्ये वाढल्यामुळे बायबलातलं नाव अर्धं ऐकू आलं तरी पूर्ण ओळखायची. तिने पहिली टेप लावली, थोडा वेळ ऐकलं आणि हेडफोन काढला.

“मॅडम, हे इंग्लिश आहे?”

होतं, पण गोड, संथ, शेवटची अक्षरं गिळलेलं. मी वेंगुर्ल्याच्या आजोळची. हेल काढून बोलणाऱ्या बायकांत वाढले. मी लीनाला सांगितलं, शब्द शोधू नकोस, आधी चाल धर. आठवड्याभरात तिला चाल सापडली. महिन्याभरात ती चहाला जाताना म्हणायला लागली, “आय’म फिक्सिन टू गो,” म्हणजे त्यांच्या बोलीत ‘निघतेच’.

त्या टेपांमधल्या एका बाईंनी आम्हाला वेड लावलं. मिसेस रूबी टॉलिव्हर. ऐंशीच्या आसपास वय, आवाज खणखणीत. त्यांचं परसात पत्र्याच्या शेडमध्ये ब्यूटी पार्लर होतं. मी आपली समजत होते की असा लढा म्हणजे मोठी भाषणं आणि मोठे पुढारी. इथे होत्या केसांना तेल आणि चिमटे लावून बसलेल्या बायका. मिसेस टॉलिव्हर म्हणत, शाळेतल्या शिक्षिकेची नोकरी गोरे काढून घेऊ शकतात, मोलकरणीची काढू शकतात, पण माझं गिऱ्हाईक काळंच आहे, मला कोण काढणार? म्हणून घटनेचा वर्ग त्यांच्या पार्लरमध्ये भरायचा. गरम हवेच्या टोपाखाली बसलेली बाई उठून पळू शकत नाही, त्यामुळे कलमं पाठ करून घ्यायला ती जागा उत्तम, असं त्यांचं म्हणणं. लीना इथे इतकी हसली की तिचं स्वतःचंच हसणं तिला टाइप करावंसं वाटलं.

मग त्या कचेरीत गेल्या. पुन्हा पुन्हा गेल्या. खिडकीतला अधिकारी दर वेळी म्हणायचा, आंटी, आज नाही, पुन्हा ये. एका दिवशी मिसेस टॉलिव्हर त्याला म्हणाल्या: “मला दोन बहिणी आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तुमच्यासारखा मुलगा झाल्याचं मला अजून कुणी कळवलेलं नाही. माझं नाव मिसेस रूबी टॉलिव्हर.” त्यावरून शांतताभंगाच्या आरोपाखाली त्यांना तुरुंगात टाकलं. बाहेर आल्या तेव्हा पार्लरच्या काचा फुटलेल्या होत्या. पुढे अशी अडवणूक थांबवणारा नवा कायदा झाला, केंद्राची माणसं नावं नोंदवायला आली आणि मगच त्यांचं नाव यादीत गेलं. अटकेच्या दिवशी कचेरीत त्यांच्यासोबत उभ्या असलेल्या बाकीच्या बायका आता हयात नव्हत्या. त्या दिवसाची साक्ष म्हणजे ही एकच टेप होती.

टेपच्या शेवटी त्या सांगतात की नुकत्याच झालेल्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्या मतदानाला गेल्या. नातू न्यायला तयार होता, पण त्या एकट्याच रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढे एक गोरा म्हातारा होता. तो गेला. टेबलामागे एक गोरी तरुण मुलगी बसली होती. तिने मान वर केली, यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली... आणि नेमका त्याच क्षणी त्यांच्या घरापुढून एक ट्रक गेला. ट्रक गेल्यावर ऐकू येतं ते फक्त मिसेस टॉलिव्हर यांचं हसणं. पोट धरून, डोळे पुसत हसल्यासारखं हसणं.

त्या ट्रकने माझा जीव खाल्ला. मी वेग कमी केला, खर्ज कापला, एक कान झाकून ऐकलं. लीनाने ऐकलं. सामंत सरांनीसुद्धा ऐकलं आणि “डिझेल इंजिन आहे” असं निदान केलं. माझी खात्री होती की ती मुलगी ‘मिसेस टॉलिव्हर’ म्हणाली असणार. पण नियम म्हणजे नियम. मी लिहिलं, [अस्पष्ट].

इथवर आमचं काम चोख होतं. घोळ झाला तो पुढे. डनिंगबाईंना प्रत्येक टेपचा एक छोटा सारांशही हवा होता. म्हणजे जे ऐकलं ते नव्हे, जे समजलं ते लिहायचं. आमच्या नियमाच्या बरोबर उलट. लीनाने लिहिला, मी वाचला, मला आवडला. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘अधिकाऱ्याने त्यांना प्रेमाने आंटी म्हणून पुन्हा येण्यास सांगितले; परंतु मिसेस टॉलिव्हर यांचा राग अनावर झाला.’

आता तुम्हीच सांगा, आम्ही काय वेगळं समजणार होतो? मला अख्खी अल नहदा आंटी म्हणते. लिफ्टमधली मुलं, बँकेतला पोरगा, टॅक्सीवाला पठाण. आंटी म्हटलं म्हणजे मान दिला, आवाज मऊ झाला. एवढा गोड बोलणारा अधिकारी तुरुंगात का टाकतो, हे आम्हाला दोघींनाही खटकलं होतं. त्यावर लीना म्हणाली होती, “वरून प्रेशर असेल बिचाऱ्याला.” बिचाऱ्याला! मीही मान डोलावली.

मजकूर छापण्याआधी ज्याची मुलाखत त्याला तो वाचायला द्यायचा आणि त्याची सही घ्यायची, अशी कॉलेजची पद्धत होती. आमचं ऑफिस सुटायच्या वेळी तिकडे सकाळ व्हायची. एका संध्याकाळी पर्स खांद्याला लावत होते तेवढ्यात डनिंगबाईंचा फोन आला. सामंत सरांनी स्पीकर लावला. एरवी हवापाण्यापासून सुरुवात करणाऱ्या त्या बाई एकदम म्हणाल्या, “प्रेमाने, हा शब्द कुणाचा?”

सामंत सरांनी सारांशाचा कागद माझ्यापुढे सरकवला.

“मिसेस टॉलिव्हर सही करणार नाहीत. टेप परत मागताहेत. उद्या सकाळी स्वतः न्यायला येताहेत. त्यांनी नेली की त्यांच्या चर्चमधले बाकीचेही आपापल्या टेपा नेतील. त्या म्हणतात, इतक्या वर्षांनी सगळं सांगितलं आणि कागदावर काय आलं? एक चांगला माणूस आणि एक भांडकुदळ बाई.”

मी म्हणाले, “पण आंटी तर...” आणि आमच्याकडचा अर्थ सांगितला. मग डनिंगबाईंचा आवाज उतरला. त्या स्वतः कृष्णवर्णीय, पन्नाशीच्या. शाळेत शिकवल्यासारखं त्यांनी समजावलं. त्या काळी गोरा माणूस काळ्या बाईला कधीही मिसेस म्हणायचा नाही. मिसेस म्हणजे बरोबरीची, कुणाची तरी रीतसर पत्नी, मान असलेली. तरुणपणी तिला नुसत्या नावाने हाक मारायची आणि जरा वय झालं की आंटी. पुरुषाला पन्नाशीपर्यंत बॉय, नंतर अंकल. मधे मिस्टर होण्याची सोयच नाही. “टेपवर त्यांनी हे समजावून सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या, “कारण आमच्याकडे ते कुणाला समजवावं लागत नाही.”

आणि मला एकदम आमच्या डोंबिवलीच्या शाळेतली मावशी दिसली. घंटा द्यायची, पिंपं भरायची, कुणी उलटी केली की बादली घेऊन यायची. तिशीची असेल. साठीला आलेल्या मुख्याध्यापिका तिला हाक मारायच्या, मावशी, जरा टेबल पुसून घे. शिपायाला मामा. दवाखान्यात मावशी, लग्नाच्या हॉलमध्ये मावशी. माझ्या सख्ख्या मावशीला आम्ही वाकून नमस्कार करायचो, आणि हीही मावशीच. तोच शब्द, फक्त कुणाला म्हणायचा त्यावर त्याचा पार अर्थ फिरतो. मला हे जन्मापासून ठाऊक होतं. हेडफोनमध्ये मात्र ओळखू आलं नाही.

“उद्या त्या आल्या की मला फोन द्याल का?” मी विचारलं.

फोन ठेवल्यावर सामंत सर माझ्यावर उखडले. “आर यू मॅड? क्लायंटच्या क्लायंटशी आपण कधी बोलत नाही. आणि बोलून काय सांगणार? आमच्याकडे आंटी चालते म्हणून?”

“सर, उद्या टेप गेली की तसंही खलास आहे.”

लीनाच्या डोळ्यांत पाणी होतं. “मॅडम, मी एवढी त्यांच्या बाजूने होते,” ती म्हणाली. तेच तर. आम्ही दोघी पूर्णपणे त्यांच्या बाजूने होतो आणि आम्हीच त्यांना खोटं पाडलं होतं. मला कंपनीची काळजी होती, घराची होती. नाही म्हणणार नाही. पण त्या रात्री माझ्या डोक्यात फिरत होती ती परसातली शेड, आणि ती आता कुणाला कधी ऐकूच येणार नाही ही गोष्ट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन लागला. पुढचं संभाषण अर्थात इंग्रजीत झालं, मी मराठीत देते आहे. मराठीत देताना मला एक सोय आहे, ती त्यांना नव्हती. आपल्याकडे मान क्रियापदात असतो. आलात, बसा, सांगा. नाव न घेताही माणूस उंच ठेवता येतो. त्यांच्या भाषेत ‘यू’ म्हणजे सगळ्यांना ‘यू’. सगळा मान त्या एका ‘मिसेस’मध्ये. तेवढा एक शब्द काढून घेतला की हातात काहीच उरत नाही.

“कोण बोलतंय?” तोच खणखणीत आवाज. इतके महिने कानात असलेला आवाज मला उत्तर देत होता. माझा उजवा पाय आपोआप खालचं पेडल शोधायला लागला.

“नीलिमा, मॅम.”

“नीलिमा काय?”

“नीलिमा करंदीकर.”

“लग्न झालंय?”

“हो.”

“मग मिसेस करंदीकर म्हणा ना. आख्खं नाव असताना अर्धं कशाला सांगता?”

मी सावरून बसले. म्हटलं, “मिसेस टॉलिव्हर, प्रेमाने हा शब्द आमचा. तुम्ही तसं कुठेही म्हणाला नाहीत. मला इथे रस्त्यावरचं पोर आंटी म्हणतं, तेव्हा ते मला मान देतं. आम्ही तुमचं बोलणं आमच्या कानांनी ऐकलं आणि त्या माणसाच्या तोंडी आमची माया घातली.”

“त्याच्याकडे स्वतःची नव्हती खरी,” त्या म्हणाल्या.

मग मी त्यांना शाळेतल्या मावशीचं सांगितलं. आईच्या बहिणीचं नाव, पण काम बादली उचलायचं.

“तिला आवडायचं तसं म्हटलेलं?” त्यांनी विचारलं.

“तिला कुणी विचारलं नाही.”

“हं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तुमच्या गावातही ती खिडकी होती.”

“होती.”

पलीकडे कागदांची सळसळ ऐकू आली. लीना माझ्या खुर्चीचा हात घट्ट धरून उभी होती. सामंत सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असे बघत होते, जणू त्यात उत्तर छापलंय.

“मी सही करीन,” मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या. “पण ते वाक्य पुसायचं. आणि इथे प्रत्येक ओळीच्या आधी नुसतं टॉलिव्हर, टॉलिव्हर लिहिलंय. मी काय फुटबॉलच्या टीममध्ये आहे? प्रत्येक ठिकाणी मिसेस पाहिजे. मी जितक्या वेळा तोंड उघडलंय तितक्या वेळा.”

मागून डनिंगबाई हलक्या आवाजात म्हणाल्या की कॉलेजच्या नियमानुसार फक्त आडनाव...

“हेझल,” मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या, “तू माझ्या पार्लरमध्ये लहानाची मोठी झालीस.”

कॉलेजचा नियम तिथेच बदलला.

“आणि तो अधिकारी?” मी विचारलं. “टेपवर तुम्ही त्याच्या नावाआधी मिस्टर लावलंय, ते काढू?”

“नाही, नाही. राहू दे. त्याला शिकवलं नव्हतं, मला शिकवलंय.”

हे ऐकून लीना उघडउघड रडायला लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. टेप राहिली, बाकीच्यांच्याही राहिल्या, आणखी आल्या. त्यांच्या जोरावर कंपनीने ती वाईट वर्षं काढली. सुधीरचा कारखानाही हळूहळू सुरू झाला आणि आमच्या घरच्या खिडक्यांना विश्रांती मिळाली. लीनाने आंटी, बॉय, अंकल अशा शब्दांची एक यादी तयार करून नव्या मुलींना शिकवायला घेतली. ती शिकवताना ऐकलं की मला वाटायचं, आता हिच्या पाठीमागे हिचीच नक्कल होत असणार. आमच्या ऑफिसात चहा देणारे कोया, पंचावन्न वर्षांचे, त्यांना सगळे ऑफिस बॉय म्हणायचे. लीनाने त्यांना मिस्टर कोया म्हणायला सुरुवात केली. पहिले काही दिवस त्यांना वाटलं, आपली नोकरी जाणार आहे. मग सवय झाली. त्यानंतर कुणी चुकून ‘बॉय’ अशी हाक मारली तर त्यांना ऐकू येईनासं झालं. आता मी निवृत्त होऊन डोंबिवलीला परत आले आहे. आमच्याकडे कामाला येतात त्या सुमन पाटोळे. मी त्यांना सुमनताई म्हणते. त्या मला काकू म्हणतात, आणि काकू म्हटलेलं मला चालतं का, हे त्यांनी विचारलं होतं.

पण त्या फोनचा शेवट सांगायचा राहिला. सगळं ठरलं होतं, त्या फोन ठेवणार होत्या. मला राहवेना.

“मिसेस टॉलिव्हर, एक जागा आम्हाला ऐकू आली नाही. मतदानाची. ती मुलगी तुमच्याकडे बघून काहीतरी म्हणते आणि ट्रक जातो.”

“मग तुम्ही काय लिहिलंत?”

“अस्पष्ट.”

“अंदाज नाही केलात?”

“तिथे नाही केला. परवानगी नसते.”

“मनात तर केला असेल.”

“केला,” मी म्हणाले. “मला वाटलं, ती तुम्हाला मिसेस टॉलिव्हर म्हणाली.”

त्या हसायला लागल्या. तेच हसणं, या वेळी ट्रकशिवाय. डनिंगबाईही हसत होत्या.

“नाही हो, मिसेस करंदीकर. तिला माझं नाव कुठून माहीत असणार? माझ्या पुढे तो गोरा म्हातारा होता. त्याला ती जे म्हणाली तेच मला म्हणाली. मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि जांभई देत म्हणाली, नेक्स्ट.” त्यांना पुन्हा हसू आवरेना. “नुसतं नेक्स्ट! त्या खिडकीपुढे माझी तरुण वर्षं गेली, आणि या पोरीला माझा कंटाळा आला होता, जसा सगळ्यांचाच आला होता. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू.”

फोन ठेवला. मी हेडफोन लावला, फाइल उघडली, शेवटच्या पानावर गेले. कंसातला ‘अस्पष्ट’ पुसला. इंग्रजीत लिहिलं, कारण काम इंग्रजीत होतं. पण मनात मी ती ओळ मराठीतच टाइप केली, कारण हसणाऱ्या माणसाला मान देण्याची सोय आपल्या क्रियापदात आहे.

मिसेस टॉलिव्हर: तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, नेक्स्ट. [हसतात.]